परस्पर दिलेला नकार

आमच्या कंपनीत बदलीबद्दल त्या माणसाला विचारत नाहीत, त्याच्या साहेबाला विचारतात. तेही ऑफिसात नाही, गाडीत. तळोज्याचा प्लांट बघून सगळे बेलापूरच्या हेड ऑफिसला परत निघालेले असतात. नावड्याजवळ ट्रेलरांच्या रांगेमागे गाडी अडकते, बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून ड्रायव्हर काचा घट्ट लावतो, आणि शेजारी बसलेला डायरेक्टर खिडकीबाहेर बघत विचारतो, अमक्याला जमेल का? साहेब म्हणतो जमेल, किंवा नाही जमणार. नाही म्हटलं की विषय तिथेच संपतो. कुठे काही लिहिलं जात नाही. ज्याच्याबद्दल विचारलं त्याला तर कळतही नाही की आपल्याबद्दल काही विचारलं गेलं.

यामागे चांगला हेतू आहे, असं मला सुरुवातीच्या वर्षांत सांगण्यात आलं होतं. तोंडावर विचारलं आणि माणूस नाही म्हणाला, तर त्याच्यावर कायमचा शिक्का बसतो. त्यापेक्षा साहेबाला विचारलेलं बरं, साहेबाला घरची परिस्थिती माहीत असते. मलाही तेव्हा ते पटलं होतं. माझ्याबद्दल कधी कुणाला गाडीत विचारलं जाईल, हे डोक्यात यायला मी तेव्हा फार खालच्या पायरीवर होते.

मी प्लॅनिंगमध्ये आहे. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता माल कधी द्यायचा आणि तो कोणत्या प्लांटने बनवायचा, हे आम्ही ठरवतो. माझा त्या वेळचा साहेब माझ्याहून थोडाच मोठा. बोलायला गोड, कपडे नेहमी इस्त्रीचे, मीटिंगमध्ये दुसऱ्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगण्यात तरबेज. समोर मी त्याला तेव्हा 'सर' म्हणायचे, आजही म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे. तेवढी सूट मी स्वतःला देते.

आमच्याकडे बाहेरच्या प्लांटवर दोन वर्षं काढल्याशिवाय जनरल मॅनेजर करत नाहीत. गुजरातचा प्लांट वाढवायचं ठरलं तेव्हा प्लॅनिंगमधून एक माणूस जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. काम मीच करत होते, त्या प्लांटचा आराखडाही मीच केला होता, त्यामुळे मलाच पाठवतील अशी कुजबुज होती. मी घरी तसं सांगितलंही. घर म्हणजे करंजाड्याचा आमचा फ्लॅट, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दहावीतली मुलगी आणि बेलापूरच्याच एका सरकारी कचेरीत काम करणारा नवरा, जो संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी पोचतो.

सासूबाई साताऱ्याकडच्या. सासरे मार्केटमध्ये माथाडी होते, त्यांच्यामागे त्यांनी चार घरची कामं करून मुलाला शिकवलं होतं. डावी बाजू गेली होती, पण तोंड शाबूत होतं. त्यांना मी म्हटलं, "आत्या, मला गुजरातला पाठवतील बहुतेक."

"मग जा की," त्या म्हणाल्या. "मी काय पळून चाललीय व्हय? बाई येतीया सकाळ-संध्याकाळ. मोठी सायबीण हो आन् गाडी घिऊन ये."

नवरा म्हणाला, "बघू. आधी सांगू तर देत."

कुणी काही सांगितलं नाही. महिन्याभराने कळलं की गुजरातला तो स्वतःच चाललाय. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे आहात म्हणून मी निश्चिंत जातोय. खातं तुमच्यावर सोडतो." मी थँक्यू सर म्हटलं. पुढची दोन वर्षं मी त्याचं खातं चालवलं. खुर्ची त्याची, सही माझी, हुद्दा जुनाच. सासूबाई त्याच दरम्यान गेल्या. तो परत आला तो जनरल मॅनेजर होऊन, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांना म्हणाला, "आपल्या मॅडमनी किल्ला लढवला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मला वाटत होतं की कंपनीने मला निवडलं नाही. निवडलं नाही तर त्यात राग कसला, पुढच्या वेळी बघू. हे माझं शहाणपण वर्षभर टिकलं.

मग ऑफिसातल्या एकाच्या मुलाच्या लग्नाला खारघरच्या एका हॉलमध्ये गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी आमच्या एचआरच्या जुन्या बाई बसल्या. रिटायर झालेल्या, त्यामुळे जिभेवरचा लगाम सुटलेला. जिलबी संपवून त्यांनी हात पुसला आणि म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा गुजरातला नाही म्हणालात ते चुकलंच हो. आज कुठे असता."

"मी कुठे नाही म्हणाले? मला कुणी विचारलंच नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि मला वाटतं त्यांना फिरायचंही नव्हतं.

"गाडीत मी होते ना," त्या म्हणाल्या. "डायरेक्टर म्हणाले, मॅडमना पाठवायचं का? तर तुमचे साहेब म्हणाले, त्यांच्या घरी फार आहे हो, मी त्यांना त्या धर्मसंकटात टाकणार नाही. जरा वेळाने म्हणाले, तसं असेल तर मीच जातो. मला वाटलं, तुम्हाला विचारून बोलतायत."

धर्मसंकट. हा शब्द मी घरी घेऊन आले. शिवी दिली असती तर एवढी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. मला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. भांडण केलं तर चार दिवस ऑफिसात चर्चा होईल, तो 'मी तुमच्या भल्यासाठीच' म्हणेल, आणि मी चिडकी बाई ठरेन. मी थेट डायरेक्टरकडे गेले आणि म्हटलं, यापुढे माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. असं कुणी केलं नव्हतं. डायरेक्टर थोडे दचकले. पुढच्या वर्षी नागपूरकडच्या बुटीबोरीच्या प्लांटवर जागा निघाली तेव्हा मला विचारलं, मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

बुटीबोरीत दोन उन्हाळे काढले. मुलगी तेव्हा इंजिनियरिंगला होती. तिला ताप आला की ती बाबांना फोन करायची, परीक्षेचं टेन्शन आलं की बाबांना, कुणी मुलगा आवडला तर तेही बाबांना. परत आल्यावर मला वाटलं, घडी पुन्हा बसेल. बसली नाही. आजही ती बंगळूरहून फोन करते तेव्हा माझ्याशी पगाराबद्दल बोलते आणि बाबांशी बाकी सगळ्याबद्दल. मोठं होण्याची किंमत म्हणून मी हे धरून चालते. तक्रार नाही. पण तीच दोन वर्षं मुलगी दहावीत असताना, घरात माणसांचा राबता असताना गेली असती, तर तिची कॉलेजची सगळी वर्षं मी घरी असते. उशिरा गेल्यामुळे मी नेमकी चुकीची वर्षं बाहेर काढली. हा हिशेब मी त्याच्या नावावर लिहिला.

आणि रोज जेवताना मोठ्याने वाचला. माझी ही सवय नवऱ्याला पाठ होती. मी भाजी वाढता वाढता म्हणायचे, "त्या माणसाने माझी अख्खी पाच वर्षं खाल्ली." नवरा म्हणायचा, "नालायक आहे तो." मी म्हणायचे, "धर्मसंकट म्हणे." नवरा म्हणायचा, "अशा लोकांचं कधी भलं होत नाही," आणि आमटी वाढून घ्यायचा. एवढी एकवाक्यता आमच्यात दुसऱ्या कुठल्याच विषयावर नव्हती.

बुटीबोरीहून मी जनरल मॅनेजर होऊन आले. त्यानंतर कंपनीने खात्यांची नवी रचना केली, दोन खाती एक झाली आणि त्या एका खात्याच्या डोक्यावर मला बसवलं. तो माझ्या हाताखाली आला. त्याने पेढे आणले. म्हणाला, "मॅडम, मला तर पहिल्यापासून माहीत होतं." मी एक पेढा खाल्ला. वाट बघायची मला सवय झाली होती.

वाट बघणं या वर्षी संपलं. हैदराबादजवळ नवा प्लांट उभा राहतोय, त्याला प्रमुख हवा होता. तीन वर्षं तिथे, आणि पद थेट व्हाइस प्रेसिडेंटचं. त्याच्या रिटायरमेंटला आता फार वर्षं उरलेली नाहीत, म्हणजे ही त्याची शेवटची पायरी. एके सकाळी तो माझ्या केबिनमध्ये आला, दार लोटलं आणि बसला.

"मॅडम, स्पष्टच बोलतो. मला हैदराबाद हवंय."

"बरं."

"डायरेक्टर तुम्हाला विचारतील. गाडीत विचारतील, पद्धत तुम्हाला माहीतच आहे." तो हसला. "सगळं तुमच्या हातात आहे."

"बघते, सर," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी चहा मागवला आणि सावकाश प्यायले. कंपनीच्या पद्धतीने त्याला आणून माझ्यासमोर बसवलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं. नावड्याजवळ गाडी अडकली की एक वाक्य बोलायचं होतं, आणि वाक्यसुद्धा त्यानेच बनवून ठेवलेलं होतं. त्यांच्या घरी फार आहे हो, मी त्यांना त्या धर्मसंकटात टाकणार नाही. त्याच्या आईला विसरण्याचा आजार आहे, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. मी ते वाक्य आंघोळ करताना म्हणून बघितलं, रिक्षात म्हणून बघितलं. आमचे डायरेक्टर आता नवे आहेत, मराठी नाहीत, त्यामुळे हिंदीतही म्हणून बघितलं. हिंदीत त्याची मजा थोडी कमी होते.

तळोज्याची फेरी एकदा पुढे ढकलली गेली. त्या मधल्या आठवड्यात मला जेवणाच्या सुट्टीत एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मॅडम, मी बोलतेय," पलीकडची बाई म्हणाली आणि तिने माझ्या जुन्या साहेबाचं नाव घेतलं. त्याची बायको. वार्षिक कार्यक्रमांत आम्ही दोन-चार वेळा भेटलो होतो, एकमेकींच्या साड्यांची चौकशी करण्यापुरत्या. "दोन मिनिटं आहेत का? ह्यांना सांगू नका मी फोन केला म्हणून."

"बोला ना."

"ह्यांना हैदराबादला पाठवू नका."

मी डब्याचं झाकण लावलं.

"मागच्या वेळी गुजरातला गेले तेव्हा सासरे माझ्या एकटीच्या गळ्यात होते," ती म्हणाली. आवाजात रडणं अजिबात नव्हतं, पाठ केलेलं बोलत असल्यासारखी बोलत होती. "हॉस्पिटल मी केलं, रात्री मी जागले. हे विमानाने आले, तेराव्यापर्यंत थांबले आणि गेले. सगळे म्हणाले, काय मुलगा आहे, एवढं मोठं काम सोडून आला. आता सासूबाई आहेत. परवा गॅस चालू ठेवून खाली सोसायटीच्या गेटपर्यंत गेल्या. माझे गुडघे गेलेत, मॅडम. त्यांच्यामागे धावायचं कुणी? ह्यांना म्हटलं, तर म्हणतात, करिअरचा प्रश्न आहे, बाई ठेव. बाई टिकत नाही, आई तिला मारतात."

"तुम्ही त्यांना नको म्हणाला नाहीत?"

"मला विचारलंय कुठे. सांगितलंय," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, तुम्हालाच फोन करावा. तुमच्याकडे घरचे फोन करतात ना साहेबांना. तशी पद्धत आहे ना."

"कुणी सांगितलं तशी पद्धत आहे?"

"हेच म्हणाले होते मागे. गुजरातच्या आधी. हसत होते घरी, की बायकांचे नवरे मला फोन करतात, आमच्या हिला पाठवू नका म्हणून."

मी विचारलं, "कोणत्या बायकांचे?"

तिच्याकडे मागे चाललेला मिक्सर बंद झाला. मग ती म्हणाली, "ते मला माहीत नाही, मॅडम." तिला माहीत होतं. आमच्या खात्यात त्या वेळी लग्न झालेली बाई एकच होती.

मी तिला म्हटलं, तुमचं नाव कुठे येणार नाही. फोन ठेवला. डबा तसाच राहिला.

तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मी घरी काही बोलले नाही. रविवारी सकाळी नवरा हॉलमधला पंखा पुसत होता. स्टुलावर चढलेला, एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हाताने पातं धरलेलं. मी खाली स्टूल धरून उभी होते, कारण स्टुलाचा एक पाय हलतो.

"अहो," मी म्हटलं, "गुजरातच्या वेळी तुम्ही माझ्या साहेबाला फोन केला होता का?"

पातं थोडं फिरलं. त्याने ते परत धरलं.

"कुणी सांगितलं?"

"केला होता का?"

"आई अंथरुणावर होती," तो म्हणाला. "पोरगी दहावीत. मी काय करणार होतो एकटा?"

"बाई होती. तुम्ही उजेडात घरी येत होतात. आत्या स्वतः जा म्हणाल्या होत्या."

"आई काहीही म्हणायची."

"मला का नाही सांगितलं, की जाऊ नको?"

तो वरून माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, खोटं बोलायचा त्याला कंटाळा आला होता, किंवा स्टुलावर उभं राहून खोटं सुचत नसेल. "सांगितलं असतं तरी तू गेली असतीस," तो म्हणाला.

हे खरं होतं. मी गेले असते. हे ओळखण्याइतका तो मला ओळखत होता, आणि ही ओळख त्याने अशी वापरली होती. पण मला फोनपेक्षा दुसरंच जास्त झोंबलं. इतकी वर्षं माझ्यासमोर ताटावर बसून, आमटीत भात कालवत, हा माणूस 'नालायक आहे तो' म्हणत होता. मी शिव्या देत होते आणि तो त्यांना तिखटमीठ लावत होता. तेवढं तरी करायला नको होतं. गप्प बसला असता तरी मी त्याला पुढेमागे माफ केलं असतं, असं मला अजून वाटतं.

मी म्हटलं, "वरची बाजू राहिलीय. ती पुसा." त्याने पुसली. मी स्टूल सोडलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

आता सगळा बेत विस्कटला होता. साहेबाला नकार द्यावा, तर त्याची बायको सुटणार, म्हणजे माझा सूड हा एका बाईवरचा उपकार होणार. होऊ दे, मला त्याचं वावडं नव्हतं. पण नुसता नकार आता पुरत नव्हता. त्याने फोन घेतला होता, हे खरं. फोन माझ्या घरातून गेला होता, हेही खरं. फोन आल्यावर मला बोलावून 'मॅडम, तुमच्या घरून असं म्हणतायत, तुमचं काय?' एवढं विचारायला त्याला दोन मिनिटं लागली नसती. त्याऐवजी त्याने स्वतःची बॅग भरली. एकाने दार उघडून दिलं, दुसरा आत शिरला. दोघांपैकी एकालाच शिक्षा करणं मला अर्धवट वाटत होतं.

तळोज्याची फेरी त्याच आठवड्यात झाली. परत येताना गाडी नावड्याच्या अलीकडेच थांबली, पुढे मेट्रोच्या पुलाखाली कुणाचा तरी ट्रेलर आडवा झाला होता. डायरेक्टरने मोबाइल खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. मी ओळखलं.

"हैदराबाद," ते म्हणाले. "उनको जमेगा क्या?"

मी इतके दिवस घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ते मी गिळलं. त्याचे शब्द वापरायची मला गरज वाटली नाही.

"उनको जाना है," मी म्हटलं. "लेकिन मैं नहीं भेजूंगी. घर पे माँ बीमार हैं, बीवी अकेली पड़ेगी. और उस प्लांट के लिए मैं बेहतर हूँ."

दोन्ही कारणं खरी होती. दोन्हींपैकी एकही माझं कारण नव्हतं.

डायरेक्टर पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "आप? तीन साल है. आपके घर में पूछना पड़ेगा ना?"

"मेरे घर में कौन नौकरी करता है आपके पास?"

ते हसले. ड्रायव्हरही हसला, मला आरशात दिसलं. बेलापूर येईपर्यंत आम्ही यंत्रं कधी येणार आणि पाण्याचं कनेक्शन कुठवर आलंय, याबद्दल बोलत होतो. लिफ्टमध्ये ते म्हणाले, ठीक है, मैं आगे भेजता हूँ.

दुसऱ्या दिवशी त्याला मी स्वतः बोलावलं. कुणाकडून तरी कळण्याची वेळ मी त्याच्यावर आणणार नव्हते. माझ्या बाबतीत कळण्याचं काम एका जिलबीवर सोडलं गेलं होतं, ते मला अजून सलतं.

"सर, हैदराबादला मी जातेय," मी म्हटलं.

तो आधी अभिनंदन म्हणाला. तोंडातून आपोआप निघतं त्याच्या. मग चेहरा हळूहळू उतरला.

"डायरेक्टरना कुणी सांगितलं की मला जमणार नाही?"

"मी."

"घरून कुणाचा फोन आला होता का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "मीच म्हटलं, यांना पाठवायचं नाही."

"मला एकदा विचारायचं तरी."

"हो ना," मी म्हटलं.

तेव्हा त्याला कळलं. मान थोडी मागे गेली, हात टेबलावरून खाली गेले. बरीच वर्षं या एका क्षणाची वाट बघितली होती, त्यामुळे मी तो नीट बघून घेतला. लोक म्हणतात, सूड घेऊन हाताला काही लागत नाही. मला लागलं. घशापासून पोटापर्यंत बरं वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायल्यासारखं.

"मॅडम, तेव्हा तुमच्या मिस्टरांनी..."

"माहीत आहे. त्यांनी तुम्हाला फोन केला. गुजरातला ते गेले का?"

तो म्हणाला, "म्हणजे आता मी इथूनच रिटायर होणार."

"हो," मी म्हटलं. "खातं तुमच्यावर सोडून जाते, सर. तुम्ही इथे आहात म्हणून मी निश्चिंत आहे."

हे वाक्य मी ठरवून ठेवलं नव्हतं. पण आलं, आणि मी ते अडवलं नाही. तो उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि गेला. त्याच्या सभ्यपणाला त्या दिवशीही तडा गेला नाही. तडा गेला असता तर मला अजून आवडलं असतं.

घरी मी सोमवारी सांगितलं, संध्याकाळच्या चहाच्या वेळी. सांगितलं, विचारलं नाही. पत्र आलंय, पुढच्या महिन्यात हैदराबाद, तीन वर्षं. नवऱ्याने बशी खाली ठेवली.

"माझं रिटायरमेंट दोन वर्षांवर आलंय," तो म्हणाला. "आपण ठरवलं होतं, गावाकडचं घर नीट करायचं म्हणून."

"करा की. तुम्हाला शनिवार-रविवार असतो."

"आणि मी एकटा इथे राहू?"

"आत्या गेल्या, पोरगी गेली. आता तर दहावीही कुणाची नाही."

खाली टँकर आला होता, त्याच्या पाइपचा आवाज चालू होता, वॉचमन कुणाला तरी गाडी काढायला सांगत होता. मी माझा मोबाइल उघडला, डायरेक्टरचा नंबर काढला आणि फोन त्याच्या बशीशेजारी ठेवला.

"हा नंबर," मी म्हटलं. "फोन करायचा असेल तर आत्ता करा. माझ्यासमोर."

त्याने स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीन थोड्या वेळाने आपोआप काळी झाली. त्याने फोनला हात लावला नाही आणि परतही सरकवला नाही. मीच तो उचलला, कारण मला पॅकर्सवाल्याशी बोलायचं होतं.